मी हुंगलेली वाइन

माझ्या माहेरी, गोव्यात पेडण्याच्या बाजूला, घरात दारूचा थेंब येत नसे. वडील कचेरीत नोकरीला, आई सोमवार-गुरुवार पाळणारी. लग्न होऊन मी डिचोलीत आले तेव्हा सासऱ्यांची लाटंबार्शाला काजूची बाग होती, पण तिथली बोंडं सरळ फेणीच्या भट्टीवाल्याकडे जायची. बिया आमच्या, रस त्याचा. आपला नवरा एक दिवस वाइन करू लागेल आणि ती हुंगायचं काम आपल्याकडे येईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

नवरा तेव्हा सुर्ल्याच्या एका खाणीवर प्रयोगशाळेत होता. (बोलताना मी त्याला तुमीच म्हणते. लिहिताना तो म्हटलं तर त्याची हरकत नाही.) खनिजाचे नमुने तपासायचे, लोह किती, ओल किती ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. खाणी बंद पडल्या तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. माझी प्राथमिक शाळेतली नोकरी चालू होती, घराचं काही अडलं नाही. पण तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कावात, दारापुढच्या सोप्यात, बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. पूर्वी त्या रस्त्याने खनिजाच्या ट्रकांची रांग जायची, आता कुत्री झोपायची. वर्षभर हे चाललं. मग एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "मी बागेत जातंय."

बागेत गेला तो वेगळाच माणूस झाला. कर्नाटकातल्या एका शेतावर पंधरा दिवस राहून बायोडायनॅमिक शेती शिकून आला. पाऊस सरला की मेलेल्या गाईंच्या शिंगांत ताजं शेण भरायचं आणि ती शिंगं जमिनीत पुरायची. होळीच्या सुमारास उकरली की आतल्या शेणाची काळी, मऊ पूड झालेली असे. तिला शेणाचा वास नसे, रानातल्या पालापाचोळ्याखालच्या मातीचा असे. त्यातली मूठभर बादलीभर पाण्यात टाकून तासभर ढवळायची. मध्ये भोवरा पडेपर्यंत एका बाजूने, मग उलट्या बाजूने. ते पाणी झाडांखाली शिंपडायचं. खताची गोणी बागेत येऊ द्यायची नाही. चंद्र बघून कामं करायची, फळाचे दिवस वेगळे, मुळाचे वेगळे.

जन्मभर यंत्रावर विश्वास ठेवलेल्या माणसाने पंचांग उघडून बसावं, याचं गावात हसू झालं. मीही हसले. पण ढवळताना एकट्याचा हात भरून यायचा, म्हणून शाळेतून आल्यावर मी काठी धरायला जायची. आमच्या संसारात आम्ही सर्वांत जास्त बोललो असू ते त्या बादलीजवळ बसून.

वाइनचं तिथूनच निघालं. बागेत एक मांगर आहे, मातीच्या जाड भिंतींची खोली, पूर्वी अवजारं ठेवायची. भर वैशाखातही आत गार असतं. तिथे त्याने काचेचे मोठे गाराफांव मांडले, आमच्याकडे फेणी ठेवायचे असतात ते, आणि सासूबाईंच्या लोणच्याच्या तीन चिनीमातीच्या बरण्या. रीतसर परवाना काढला. रस उकळायचा नाही, फेणीसारखा गाळायचा नाही, बाहेरचं यीस्ट घालायचं नाही. आपोआप गळून पडलेलं बोंडच घ्यायचं, तेही सकाळचं. रसात साबुदाण्याची पातळ खळ सोडली की घसा धरणारा तुरटपणा तळाशी बसे, आणि वर उरलेला रस आपला आपण आंबू लागे.

तीन वाइन व्हायच्या, तिन्ही पांढऱ्या. पहिली नुसत्या पिवळ्या बोंडांची, पाण्यासारखी फिकी, जिभेवर चुरचुरणारी. दुसरी तळाच्या गाळावरच आठ महिने राहू दिलेली, जराशी गढूळ. तिसरी सड्यावरच्या अठरा जुन्या झाडांची. तिथे माती वीतभरही नाही, खाली सगळा जांभा दगड. बोंडं सुपारीएवढीच, पण त्यांची वाइन गव्हाच्या काडासारख्या रंगाची आणि शेवटी किंचित खारट. ती त्याचा जीव की प्राण. वर्षाला सगळ्या मिळून तीनशे बाटल्या व्हायच्या. त्यांतल्या बऱ्याचशा पेडण्याच्या किनाऱ्यावरचा एक हॉटेलवाला घेऊन जायचा.

या सगळ्यात यंत्र कुठलं नव्हतं. यंत्र म्हणजे त्याचं नाक. झाकण उघडायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, याला अजून चार दिवस. ह्याला आज हलवूया. एकदा मला म्हणाला, "ह्यात बांवडेकडच्या झाडाची बोंडां पडलीसत." बांवडेकडचं म्हणजे विहिरीजवळचं. मला ते खरं वाटलं नव्हतं. बागेत कामाला येणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "होय, एक पाटी थंयची व्हती."

या बाई दोडामार्गाकडच्या. त्यांचा नवरा सुर्ल्याला ट्रकवर होता. खाणी बंद झाल्यावर तो गावी गेला आणि त्या आमच्या बागेत यायला लागल्या. बोंडं पिळण्यापासून शिंगं पुरण्यापर्यंत सगळं त्या करत. बोलणं मोजकं.

चौथ्या वर्षी श्रावणात नवरा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला. शेवाळ होतं. डोक्याचा मागचा भाग दगडावर आपटला. तीन दिवस इस्पितळात होता, सात टाके पडले. घरी आला तेव्हा चालत होता, बोलत होता, पेपर वाचत होता. मी देवाला नारळ दिला. जेवताना तो फक्त म्हणायचा की इस्पितळाच्या औषधांनी तोंडाची चव गेली आहे. मला वाटलं, येईल.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली तेव्हा तो पहिला मांगरात गेला. मी बाहेर छत्री झटकत होते. आत बुचं काढल्याचा आवाज आला, एक, दुसरं, तिसरं. मग त्याची हाक.

"अगो, हंय ये."

तो गाराफांवांच्या मध्ये उभा होता. चेहरा पांढराफटक.

"गेली गो सगळी," तो म्हणाला. "वर्षाची वाइन गेली. एकाकव वास नाय. पाणी झाला सगळ्याचा."

मी जवळ गेले. वाकावंही लागलं नाही. खोलीभर वास होता, आंबूस, गोड, पिकल्या काजूचा, डोक्यात चढणारा. मी एका गाराफांवाच्या तोंडाशी नाक नेलं, मग दुसऱ्याच्या. सगळं होतं तिथे. मी त्याच्याकडे बघितलं.

"माका येता," मी म्हणाले.

"काय येता?"

"वास. माका वास येता."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने सासूबाईंची बरणी उचलून छातीशी धरली, तोंड तिच्यात खुपसलं आणि लहान मुलासारखा जोरजोरात श्वास ओढू लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नाकातून मेंदूकडे जाणारे दोऱ्यासारखे बारीक तंतू असतात, डोकं आपटल्यावर ते तुटतात. कधी वर्षभरात जुळतात, कधी जुळत नाहीत. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळखीचे वास हुंगायचे आणि ते कसे होते ते आठवायचं, एवढाच उपाय.

आम्ही चार बाटल्या केल्या. लवंग, लिंबाची साल, कापूर आणि सुकं सोडं. तो जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, डोळे मिटून बसायचा, मी एकेक बाटली नाकाखाली धरायची. "लवंग," तो म्हणायचा. कधी बरोबर यायचं, कधी चूक. एकदा चारही बरोबर आले तेव्हा मला रडू फुटलं, तर तो डोळे न उघडता म्हणाला, "तू सोडां धरताना हात लांब धरतंस. आणि कापराचा झाकाण करकरता." त्याला काही येत नव्हतं. तो माझ्या हातांवरून ओळखत होता.

त्या वर्षीची वाइन बाटल्यांत भरून गेली. पुढच्या होळीला शिंगं उकरली, बोंडं पडायला लागली. आता काय करायचं, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. पहिल्या रसाला फेस आला त्या दिवशी त्याने कोपात, काचेच्या पेल्यात, दोन बोटं रस घेऊन माझ्यासमोर धरला.

"कसलो वास येता?"

"बरो येता."

"बरो म्हणजे?"

"म्हणजे... आंबट. गोड."

"तां माका जिभेर कळता," तो चिडून म्हणाला. "वास सांग."

तीस वर्षं मुलांना मराठी शिकवून माझ्याकडे वासाचा शब्द नव्हता. सुवास, दुर्गंध, घमघमाट, संपलं. मी रडकुंडीला यायची आणि तो संतापायचा. मग हळूहळू माझं मलाच सापडत गेलं. मी म्हणायची, आज भिजलेल्या सुंभासारखा आहे. काल चिरलेल्या कच्च्या फणसाच्या चिकासारखा होता, आज तो चीक गेला. आज नव्या वहीचा आहे, जूनमध्ये कपाट उघडल्यावर येतो तसा. त्याचा चेहरा निवळायचा. तो डोळे मिटून तो वास आठवायचा, मान हलवायचा, मग सांगायचा, अजून आठवडाभर राहू दे. शाळेला जायच्या आधी नऊ वाजता आणि आल्यावर पाच वाजता मी मांगरात उभी असायची. रिक्षात माझ्या तोंडाला वास येतो म्हणून मी वेलची चघळायची.

तो माझ्या शब्दांवर जगत होता, हे मला दिसत होतं. जेवताना पानातलं काही त्याला कळत नसे; मीठ आणि तिखट, बस्स. मग मी जेवतानाही सांगायला लागले, आज माशाच्या हुमणाला त्रिफळांचा वास छान लागलाय, आज भात जरा लागला होता. खरं सांगायचं तर त्यातलं सगळं खरं नसे. एखाद्या दिवशी तो फारच गप्प असला की मी वास थोडा वाढवून सांगायची. त्यात काही वाईट आहे असं मला वाटलं नाही.

आषाढ लागला होता. सड्यावरच्या झाडांची वाइन तेव्हा एका गाराफांवात निवळत ठेवली होती. एका संध्याकाळी मी झाकण काढलं आणि मला काहीतरी टोचलं. आधी नीट कळेना. मग आठवलं, शाळेच्या स्नेहसंमेलनाला ज्या खोलीत मुली नखं रंगवतात, त्या खोलीत असा वास असतो. अगदी थोडा. असून नसल्यासारखा.

नवरा त्या दिवशी कधी नव्हे तो खुशीत होता. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याचा फोन आला होता, या वेळची सड्यावरची सगळी मीच घेणार म्हणून. तो मला ती वाइन गेल्या वर्षी कशी होती ते सांगत होता, दगडावर पहिलं ऊन पडतं तशी, असं काहीतरी. पडल्यापासून त्याला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. माझ्या हातात कोप होता.

"सांग," तो म्हणाला.

"काजूच्या मोहोरासारखो," मी म्हणाले. "आणि मागसून मिठागरासारखो."

तो हसला. मी स्वतःला म्हटलं, उद्या बघू. उद्या गेला असेल. मला तरी काय कळतं वाइनचं, कदाचित असाच असतो. दुसऱ्या दिवशी तो वास होताच. तिसऱ्या दिवशी किंचित जास्त. रोज मी ठरवून जायची आणि रोज त्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी दुसरंच बोलायची. एकदा एक शब्द न सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तो सांगणं दुप्पट अवघड होतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

मग एक रविवार आला, त्याच्या पंचांगातला फळाचा दिवस. गाराफांवांत वर मोकळी जागा राहिली तर वारा लागून वाइन बिघडते, म्हणून अधूनमधून ती भरून काढावी लागते. त्याने सड्यावरच्या वाइनचा जग भरून घेतला.

"ही बाकीच्यांत घालूया," तो म्हणाला. "त्यांकाय जरा ताकद येऊंदे. तू नाळकें धर."

नाळकें म्हणजे नरसाळं. मी ते पहिल्या गाराफांवाच्या तोंडात धरलं. तो ओतू लागला. माझ्या नाकासमोरून ती धार जात होती आणि तो नखांच्या रंगाचा वास माझ्या डोळ्यांत चुरचुरत होता. माझ्या तोंडात शब्द आले होते. थांबा, एवढाच शब्द. तो इतक्या काळजीने ओतत होता, एक थेंब बाहेर पडू न देता, आणि मी दोन्ही हातांनी ते नरसाळं घट्ट धरून उभी होते. पहिला भरला. दुसरा भरला. बरण्याही भरल्या. मी धरूनच होते.

अडीच आठवड्यांनी दोडामार्गाच्या बाई लावणी आटोपून बागेत आल्या. मी आणि नवरा मांगरात होतो. त्या दारातच थांबल्या, डोक्यावरचं इरलं उतरवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्येचा विनागर झाला मां?"

नवरा हसला. त्याला वाटलं, वाइनला व्हिनेगर म्हणून थट्टा करताहेत.

"नाय ओ. माका भायरसून वास इलो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचाच झालासा दिसता."

तो माझ्याकडे वळला. मी नजर खाली घातली, आणि तेवढं त्याला पुरलं.

"तुका कळलेला?"

"होय."

"कदी?"

"तुमी बाकीच्यांत घातलात, त्याच्या आदीच."

बाई मागच्या मागे निघून गेल्या. तो भिंतीजवळच्या पाटावर बसला. मी वाट बघत होते की तो ओरडेल. त्याने ओरडायला हवं होतं. त्याने कोपात थोडी वाइन घेतली, जिभेवर ठेवली, आंबट लागली असणार, पण वाइन आंबटच लागते. त्यावरून त्याला काय कळणार? त्याने कोप खाली ठेवला आणि विचारलं, "आणि जेवणाचा सांगतंस तां? ताय असाच?"

मी नाही म्हणाले नाही.

सगळी वाइन फुकट गेली असं नाही. आमच्याकडे सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर एक बाटली विनागर म्हणून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी भोंपू वाजवत येऊन आणखी दहा मागितल्या. असलं विनागर त्याच्या आजोबांच्या वेळचं, म्हणाला. त्याने वाड्यावर सांगितलं, लोक बाटल्या घेऊन यायला लागले. नवऱ्याने मागतील तेवढं दिलं. कोणी वाखाणलं की तो बाटलीचं बूच आवळत राहायचा. हॉटेलवाल्याला त्याने स्वतः फोन केला. चूक कुणाची, ते सांगितलं नाही. या वर्षी जमली नाही, एवढंच म्हणाला.

त्यानंतरच्या हंगामात रस आंबू लागला तेव्हा मी नेहमीसारखी नऊ वाजता मांगराकडे गेले. आतून आवाज आला.

"कसलो वास?"

"बरो," बाई म्हणाल्या.

"बरो म्हणजे?"

"म्हणजे वाईट नाय."

"काल कसो होतो?"

"कालच्यापरास आज बरो."

तो "बरां" म्हणाला आणि बूच लावलं. मी दाराशी थांबले आणि तशीच शाळेला गेले.

बाईंची नि माझी तुलना मी मनात खूपदा केली. माझ्याकडे सुंभ होतं, फणसाचा चीक होता, नवी वही होती. त्यांच्याकडे बरो आणि वाईट. त्यांच्या दोन शब्दांवर त्याने त्या वर्षीची वाइन केली आणि ती नीट झाली. पुढच्या वर्षीचीही झाली.

एकदा धीर करून मी विचारलंच. आम्ही शिंगखत ढवळत होतो. ते काम अजून आम्ही दोघंच करतो.

"माका कित्या विचारणत नाय?"

त्याने काठी थांबवली नाही. "तू माका बरा वाटाचा म्हणान सांगतंस," तो म्हणाला. रागाने नाही. "माका बरा वाटूक नको गो. माका कळूक होया."

मला खूप काही म्हणायचं होतं. की तुमचा चेहरा बघून माझी जीभ उचलत नाही. की मी आता खरं तेच सांगेन. पण खरं तेच सांगेन असं मी म्हटलं असतं, तर त्यावर तरी त्याने कसा विश्वास ठेवायचा? मी काठी त्याच्या हातून घेतली आणि उलट्या बाजूने फिरवायला लागले.

त्याचा वास परत आला नाही. आता तीन वर्षं झाली. चार बाटल्यांचा खेळ कधी बंद पडला, आठवत नाही. मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागल्यापासून शनिवार-रविवारी चार-दोन माणसं बाग बघायला येतात. तो त्यांना शिंगं दाखवतो, सड्यावर नेतो, वाइन देतो. ते हुंगतात आणि एकमेकांना काय काय सांगतात, पेरूचा म्हणे, मधाचा म्हणे. तो प्रत्येकाचं लक्ष देऊन ऐकतो. ती माणसं अनोळखी असतात, त्याला बरं वाटावं म्हणून बोलत नसतात. ते गेल्यावर मी कोप विसळायला घेते. यंदा तळाला उरलेली सड्यावरची वाइन मी पिऊन बघितली. फार चांगली झाली आहे. मला तिचे चार-पाच वास लगेच ओळखू आले, शब्दही आले. तो शेजारीच खुर्च्या लावत होता. मी काही म्हणाले नाही. म्हटलं असतं तर तो "हां" म्हणाला असता.

परवा बाई सांगत होत्या की त्यांच्या मुलीला आठवा महिना लागलाय, होळीच्या सुमाराला बाळंतपण आहे, तेव्हा हंगामभर त्या गावीच राहतील. नवऱ्याने ऐकलं. बरां म्हणाला, मुलीची चौकशी केली. होळीला अजून सात आठवडे आहेत. त्याने मला काही विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.